धूर, तलफ आणि हृदयाचा लगाम

सिगारेट म्हटले की फुप्फुसे आणि कर्करोग आठवतो. पण पहिल्या झुरक्याचा परिणाम काही सेकंदांत पोहोचतो तो हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या चेतासंस्थेवर. हृदयाला स्वतःची लय असते. चेतांचा संबंध तुटला तरी ते मिनिटाला सुमारे १०० ठोके देत राहते. विश्रांतीत हा आकडा सत्तरच्या आसपास आणून ठेवते ती व्हेगस चेता. ती हृदयाचा लगाम, तर अनुकंपी चेतासंस्था चाबूक.

गैरसमज : सिगारेटने मन शांत होते, म्हणजे हृदयालाही आराम मिळतो.

वस्तुस्थिती : चेतांच्या गाठींमध्ये ॲसिटिलकोलिन हे रसायन संदेश पोहोचवते. निकोटिन नेमके त्याच्या जागी जाऊन बसते. त्यामुळे अनुकंपी चेता नॉरॲड्रेनॅलीन सोडतात, ॲड्रेनल ग्रंथी ॲड्रेनॅलीन सोडते. ठोके मिनिटाला १० ते २०ने वाढतात, रक्तदाबही चढतो. हृदयाला जास्त ऑक्सिजन हवा असतो, आणि नेमका तेव्हाच धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो.

मग शांत का वाटते? रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. तलफ येते, चिडचिड सुरू होते. पुढची सिगारेट फक्त ही तलफ भागवते. जो ताण ती घालवते, त्यातला बराचसा आधीच्या सिगारेटनेच आणलेला असतो.

गैरसमज : ठोके घड्याळासारखे एकसारखे पडले, तर हृदय ठणठणीत.

वस्तुस्थिती : निरोगी माणसाचे ठोके श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होतात. हा बारीक चढउतार व्हेगस नीट काम करत असल्याची खूण आहे. नियमित धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी झालेला आढळतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत तो फार कमी असेल, तर मृत्यूचा धोका अधिक असतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत रक्तदाबाची खबर देणाऱ्या संवेदक चेता असतात. सवयीच्या धूम्रपानाने त्यांच्यावर चालणारे रक्तदाबाचे नियंत्रणही बोथट होते.

गैरसमज : विडी साधी, आणि मिश्री-तंबाखूला तर धूरच नाही.

वस्तुस्थिती : विडीचे पान नीट जळत नाही. ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वारंवार घ्यावे लागतात. चघळलेल्या किंवा हिरड्यांना चोळलेल्या तंबाखूतले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरते, हळू पण जास्त वेळ, आणि ठोके तेही वाढवते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. त्यामुळे ‘मी ओढत नाही’ एवढ्यावर इथे कुणी निर्धास्त राहू नये.

गैरसमज : दिवसाला एक म्हणजे काहीच नाही.

वस्तुस्थिती : वीसऐवजी एक ओढली तर धोकाही विसाव्या हिश्शावर येईल, हा हिशेब हृदयाच्या बाबतीत चुकतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली आलेल्या विश्लेषणात १४१ अभ्यास एकत्र तपासले गेले. रोज वीस सिगारेटींमुळे हृदयधमनीविकाराचा जो जास्तीचा धोका असतो, त्याचा जवळपास निम्मा वाटा रोजच्या एका सिगारेटनेही येतो. कमी करणे ही सुरुवात ठीक, मुक्काम नव्हे.

गैरसमज : इतकी वर्षे ओढली, आता सोडून काय होणार?

वस्तुस्थिती : शेवटच्या सिगारेटनंतर पहिल्या तासातच ठोके उतरू लागतात. काही दिवसांत त्यांच्यातला नैसर्गिक चढउतार वाढू लागतो. वर्षभरात हृदयधमनीविकाराचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. पहिले काही आठवडे तलफ छळते. त्या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगगम घेता येते. त्यात निकोटिन असते, पण धूर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.