मोटारीने नेवासे : वाटेवरील मुक्काम

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे मोटारीने निघालेल्या मित्रमंडळींनी, पुढे पोहोचण्याची घाई बाजूस ठेवून, नेवासे तालुक्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा, हे उचित. कांद्याच्या बाजारासाठी ख्यात असलेल्या घोडेगावाहून शनिशिंगणापूरचा रस्ता फुटतो. घरांना दारे न बसविण्याच्या तेथील प्रथेचा मान राखून युको बँकेने 2011 मध्ये कुलूप नसलेली शाखा उघडली, हे ऐकून सोबत्यांपैकी एखादा तरी खिशातले पाकीट चाचपतोच.

पुढे नेवासे फाट्यावरून आत वळावे. प्रवरेच्या परिसरात, ज्या पाषाणस्तंभास टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेचे विवरण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले अशी परंपरागत श्रद्धा आहे, तो 'पैस' खांब आजही मंदिरात उभा असून, त्यावर देवालयास दिलेल्या दानाचा लेख कोरलेला असल्यामुळे जुन्या सनदा-दस्तऐवजांच्या अभ्यासकासही तो भाविकाइतकाच खिळवून ठेवतो. दुर्गा भागवतांच्या 'पैस' या ललितलेखसंग्रहाचे नाव याच खांबाचे. येथील लाडमोड टेकाडावर ह. धी. सांकलिया व त्यांच्या डेक्कन कॉलेजमधील सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. मोहिनीराजाचे कोरीव देवालयही टाळू नये.

प्रवरासंगमास प्रवरा गोदावरीस मिळते. टोक्याच्या सिद्धेश्वराच्या घाटावर उतरण्यापूर्वी जायकवाडीच्या पाण्याचा फुगवटा किती चढला आहे, याची चौकशी स्थानिकांकडे अवश्य करावी.