आतड्याच्या कर्करोगाची तपासणी : कोणी करावी, कोणी घाई करू नये



बोंडअळी डोळ्यांना दिसण्याआधीच आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो. पण दोन पतंग सापडले म्हणून कोणी पंप पाठीवर घेत नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले, की मग फवारणी. कर्करोगाच्या आगाऊ तपासणीचाही हिशेब असाच आहे. तिचा फायदा आहे, तशी झळही आहे.

फायदा

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा आतल्या अस्तरावरच्या लहान कोंबापासून होतो. त्याला दहाएक वर्षे लागतात. तेवढ्यात दुर्बिणीतून कोंब काढला, तर रोगच टळतो. डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी मळाची साधी चाचणीही आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे ५० ते ८० वर्षांच्या ज्या लोकांसाठी ती दरवर्षी ठेवली, त्यांच्यात या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. हा निष्कर्ष १९९३ सालचा.

पोलंड, नॉर्वे व स्वीडनमधील अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दुर्बीण तपासणीला बोलावलेल्या दर १०,००० लोकांत दहा वर्षांत ९८ जणांना हा रोग झाला, न बोलावलेल्यांत १२० जणांना. बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक आले होते, हेही ध्यानात घ्यावे.

झळ

दुर्बिणीआधी जुलाबाचे औषध घेऊन आतडे रिकामे करावे लागते. वृद्ध, मधुमेही व मूत्रपिंडाच्या रोग्यांना ते जड जाते. कोंब काढताना रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित आतड्याला छिद्र पडते. मळाच्या चाचणीत मूळव्याधीचे रक्तही सापडते आणि घरादाराला नाहक घोर लागतो. उलट, कोंबातून रोज रक्त झिरपत नाही. म्हणून एकदा निर्दोष निघालेली चाचणी जन्मभराची हमी नव्हे.

आपल्याकडे सरसकट का नाही?

बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी होते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्या खेड्यांत हा रोग पुष्कळ कमी आहे. म्हणून २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तिशीपुढील लोकांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचीच तपासणी सांगितली आहे. खर्रा खाणाऱ्यांनी तोंडाची तपासणी आधी करून घ्यावी.

मात्र यांनी थांबू नये

१) शौचातून रक्त पडणे, तीन आठवड्यांहून अधिक काळ शौचाची सवय बदलणे, कारण नसता वजन घटणे किंवा रक्त कमी होणे. ही रोगाची लक्षणे आहेत. इथे आगाऊ तपासणीचा प्रश्नच उरत नाही. आपल्या देशात हा रोग चाळिशीच्या आतही दिसतो.

२) आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला हा रोग झाला असल्यास. अशांनी चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा डॉक्टरांना विचारून दुर्बीण तपासणी करावी.

मारेगावच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवावे. गरज भासल्यास तेथून यवतमाळ, सेवाग्राम वा नागपूरला पाठवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे; त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

रक्त पडले की ‘उष्णता झाली’ किंवा ‘मूळव्याध असेल’ म्हणून झाडपाला घेण्यात महिने जातात. सोबत ‘वेचणी होऊ द्या, मग पाहू’ हे असतेच. वेचणी दोन दिवस पुढे ढकलता येते. हा रोग तेवढा थांबेल, याचा भरवसा धरू नये.