डब्यातलं दूध आणि इसब: आधी विचारा, ते दिलं कोणाला?

समजा तुमच्याकडे हजार बाळांची माहिती आहे आणि त्यात दिसतंय की 'अॅलर्जीवालं' खास पावडरचं दूध पिणाऱ्या बाळांना इसब (एक्झिमा) जास्त होतो. मग ते दूध वाईट का? तर नाही. हे महागडं दूध विकत आणतं कोण, ते बघा. ज्यांच्या घरात आधीच दमा किंवा इसब आहे ते, किंवा बाळाच्या गालावर पुरळ आल्यावर घाबरून डबा बदलणारे. म्हणजे रोगाची शक्यता आधी आणि दूध नंतर. अशा माहितीवर कितीही भारी सॉफ्टवेअर चालवलं तरी ही गाठ पूर्ण सुटत नाही.

या खास दुधात गाईच्या दुधातली प्रथिनं एन्झाइमने तोडून बारीक केलेली असतात. तुकडे लहान असले की बाळाची रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यावर उठणार नाही, अशी कल्पना. ती तपासायची तर कोणाला कोणतं दूध मिळणार हे चिठ्ठी टाकूनच ठरवायला हवं.

जर्मनीत १९९५ पासून 'गिनी' अभ्यासात हेच केलं. घरात अॅलर्जी असलेली २२५२ बाळं, चार प्रकारची दुधं. वर्षभरानंतर साध्या दुधाच्या गटात १६ टक्के बाळांना अॅलर्जीचा त्रास होता, तर खूप बारीक तोडलेल्या केसीनच्या गटात ९ टक्के. पण तितकंच बारीक तोडलेल्या व्हे प्रथिनाने तसा स्पष्ट फरक पडला नाही! शिवाय हे आकडे फक्त नियम पाळणाऱ्या ९४५ बाळांचे. बऱ्याच आयांनी पहिले चार महिने अंगावरचंच पाजलं. बाळांसाठी उत्तमच, पण चिठ्ठीने जुळवलेले गट नंतर गाळले की ते पुन्हा तेवढे सारखे राहतीलच असं नाही. म्हणून पेपर वाचताना पहिला प्रश्न हा: विश्लेषण सगळ्यांचं आहे की नियम पाळणाऱ्यांचं?

मेलबर्नच्या ६२० बाळांच्या अभ्यासात अर्धवट तोडलेल्या दुधाचा इसबाविरुद्ध फायदा दिसला नाही.

आता सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. कॅनडातले रणजित चंद्र यांचा १९८९ चा 'बीएमजे'मधला पेपर या दुधाच्या बाजूने बोलत होता. विद्यापीठाच्या समितीने १९९५ मध्येच गैरप्रकाराचा निष्कर्ष काढला होता, पण अहवाल गोपनीय राहिला. पेपर मागे घेतला गेला २०१५ मध्ये. तोवर २६ वर्षं तो छापील पुरावा म्हणून उभाच होता. तुमच्या संदर्भयादीतला प्रत्येक पेपर मागे घेतलेला नाही ना, हे दोन मिनिटांत तपासता येतं. गाइडने सांगायची वाट बघू नका.

२०१६ मध्ये 'बीएमजे'नेच ३७ चाचण्यांचा आढावा छापला: अॅलर्जी टळते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, आणि इसबाच्या बाबतीत प्रतिकूल निकाल छापलेच गेले नसावेत अशी चिन्हं आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये या दुधाला थोडी अनुकूलता दाखवली होती. २०१९ च्या सुधारित अहवालात ती राहिली नाही.