हिंगाची विचारपूस

उपेक्षित माणसाला कुणी हिंग लावून विचारीत नाही, असे आपण म्हणतो. पण रोज फोडणीत पडणाऱ्या हिंगाची तरी विचारपूस कोण करतो?

हिंग म्हणजे फेरुला या वनस्पतीच्या मुळाचा चीक. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान अशा देशांत मुळाला छेद देऊन तो गोळा करतात व सुकवितात. त्यातील गंधकयुक्त संयुगांचे कांदा-लसणाच्या वासाशी नाते आहे. त्यामुळेच कांदा-लसणावाचून शिजणाऱ्या जैन घरातील आमटीला चिमूटभर हिंगाने भरीव स्वाद येतो.

पूर्वी हिंग चामड्यात बांधून येई. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात असा चर्मस्पर्शित हिंग सदोष ठरविला. पदार्थाइतकाच तो कशातून आला, याचाही विचार त्यांनी केला.

तोच विवेक आजही उपयोगी आहे. शुद्ध हिंग अतितीव्र असल्याने डबीतील हिंगात बहुधा डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. घरात कुणाला गव्हाचे पथ्य असेल, तर ही चिमूटही बाधू शकते. म्हणून डबीवरील घटकांची यादी अवश्य वाचावी.

ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने हिमाचलातील लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपे लावली. चीक मिळण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. देशी हिंग बाजारात येईल, तेव्हाही डबी उलटून पाहण्याची सवय मोडू नये.