जीआरई परीक्षा पुन्हा द्यावी काय?

पदवी संपादन केल्यानंतर उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याची आकांक्षा बाळगणारे तरुण-तरुणी आज आपल्या धर्मग्रामांतही आढळतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई या परीक्षेचे गुण विचारात घेतले जातात. परीक्षा केंद्रावर परीक्षा संपवून गुण स्वीकारले की शाब्दिक व गणिती विभागांचे गुण तत्काळ पडद्यावर दिसतात. ते अपेक्षेहून कमी भरले, तर घरात दोन सूर उमटतात. कोणी म्हणतो, ‘पुन्हा बस, यश मिळेल.’ कोणी म्हणतो, ‘देवाने दिले त्यात समाधान मान.’ दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात. मात्र निर्णयासाठी मायेबरोबर माहितीही हवी. ती येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

परीक्षेचे स्वरूप व नियम

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आटोपशीर करण्यात आली असून ती १ तास ५८ मिनिटांची आहे. शाब्दिक व गणिती अशा दोन्ही विभागांत प्रत्येकी २७ प्रश्न असतात व प्रत्येकाचे गुण १३० ते १७० या पट्टीवर दिले जातात. लेखनासाठी एकच निबंध असून त्याचे गुण ० ते ६ असे असतात.

परीक्षा पुन्हा देण्यास मनाई नाही. दोन परीक्षांमध्ये किमान २१ दिवसांचे अंतर हवे आणि कोणत्याही सलग १२ महिन्यांत ती ५ वेळांपेक्षा अधिक देता येत नाही. गुण रद्द केले तरी ती खेप या मोजणीत धरली जाते. गुण ५ वर्षे ग्राह्य असतात. विशेष म्हणजे कोणत्या दिवशीच्या परीक्षेचे गुण विद्यापीठाला पाठवावयाचे, हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो. मात्र एका दिवशीचे गुण संपूर्णच पाठवावे लागतात. एका परीक्षेतील गणित व दुसऱ्या परीक्षेतील भाषा अशी निवड करता येत नाही. तात्पर्य, दुसऱ्या खेपेस गुण घटले तरी पहिले गुण नष्ट होत नाहीत. धोका असतो तो पैशाचा, वेळेचा आणि मनःस्वास्थ्याचा.

तीन प्रश्न स्वतःला विचारावेत

पहिला प्रश्न असा, की आपण जेथे अर्ज करणार आहोत त्या विभागाला हे गुण हवे आहेत काय? २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरईची अट शिथिल केली. काहींनी ती ऐच्छिक केली, तर काही हे गुण पाहतही नाहीत. काही ठिकाणी ती अद्याप आवश्यक आहे. प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचा नियम स्वतः वाचावा. शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी लागू झालेला नियम आपल्याला लागू होईलच असे नाही. कोणत्या विभागाचे गुण महत्त्वाचे, हेही तेथेच पाहावे. अभियांत्रिकीसाठी गणिताला अधिक वजन असते. दोन्ही पट्ट्या सारख्या दिसत असल्या तरी त्यांचा अर्थ सारखा नाही. भाषेतील १६५ गुणांच्या पुढे फार थोडे विद्यार्थी जातात, पण गणितातील १६५ च्या पुढे बरेच असतात.

दुसरा प्रश्न असा, की मिळालेले गुण आपल्या खऱ्या तयारीहून कमी आहेत काय? समजा, घरी वेळ लावून दिलेल्या सराव परीक्षांत एका विद्यार्थिनीला गणितात १६७ व १६८ मिळत होते आणि प्रत्यक्षात १६१ मिळाले. आदल्या रात्री ताप होता वा पहिल्या भागात वेळ हातातून निसटला, असे कारणही तिला दिसते. तिने पुन्हा बसणे योग्य ठरेल. दुसऱ्या विद्यार्थ्याला सरावातही १६१-१६२ मिळत होते आणि परीक्षेतही १६१ मिळाले. त्याच्या बाबतीत परीक्षेने अन्याय केलेला नाही. अभ्यासाची पद्धत न बदलता तो पुन्हा बसला, तर निकाल तोच येण्याची शक्यता अधिक.

कोणतेही मोजमाप अगदी काटेकोर नसते, हेही ध्यानी घ्यावे. या परीक्षेत एका विभागामागे सुमारे दोन गुणांची अनिश्चितता गृहीत धरली जाते. ज्ञानात काहीही भर न पडता गुण एक-दोनने वर वा खाली जाऊ शकतात. म्हणून केवळ दोन गुणांसाठी पुन्हा शुल्क भरणे बहुधा शहाणपणाचे नसते.

तिसरा प्रश्न असा, की त्या वेळात दुसरे काय घडू शकेल? अनेक विभागांच्या अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. तोच महिनाभर उद्देशपत्र नीट लिहिण्यात आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे वेळेवर मिळवण्यात खर्च झाला, तर कदाचित अधिक लाभ होईल. शिवाय परीक्षेचे शुल्क पालकांच्या मिळकतीतून वा शैक्षणिक कर्जातून जाते, याचे भान असावे.

संत इग्नेशियस यांचा धडा

अपुऱ्या तयारीची कबुली देऊन पुन्हा आरंभ करणे लाजिरवाणे नाही, हे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रातून दिसते. वयाच्या तिशीनंतर, बार्सिलोना येथे, ते लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवू लागले. पुढे आल्काला येथे त्यांनी घाईने उच्च विषय हाती घेतले, पण पाया कच्चा राहिला. १५२८ साली पॅरिसला आल्यावर त्यांनी ते मान्य केले आणि लहान मुलांच्या वर्गात बसून व्याकरण पुन्हा आरंभापासून शिकले. १५३५ साली त्यांना तेथील एम. ए. ची पदवी मिळाली. त्याच पॅरिसमध्ये त्यांची संत फ्रान्सिस झेवियर यांच्याशी गाठ पडली होती.

इग्नेशियस यांनी नुसती परीक्षा पुन्हा दिली नाही. ते पुन्हा शिकले. हा भेद आमच्या तरुणांनी मनात ठेवावा.

निर्णय कसा घ्यावा, याविषयीही त्यांची शिकवण उपयुक्त आहे. मन उदास असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, असे ते सांगतात. म्हणून निकालाच्या दिवशीच नवी तारीख आरक्षित करू नये आणि त्याच दिवशी शिक्षणाचा बेतही सोडू नये. आठवडाभर थांबावे. एका कागदावर पुन्हा बसण्याचे लाभ व तोटे, आणि न बसण्याचे लाभ व तोटे लिहावेत. आपल्याच परिस्थितीतील एखादा अनोळखी तरुण सल्ला विचारावयास आला, तर आपण त्यास काय सांगू, याचा विचार करावा. प्रार्थनेत तो कागद प्रभूसमोर ठेवावा आणि मग निर्णय घ्यावा.

पालकांना आमची एक नम्र विनंती आहे. ख्रिस्तयागानंतर चर्चच्या आवारात मुलांच्या गुणांची तुलना करू नये. लोक काय म्हणतील या भयाने दिलेली दुसरी परीक्षा मुलाला थकवते आणि त्याच भयाने टाळलेली परीक्षा त्याला कायमची खंत देते. १३० ते १७० या पट्टीवर मुलाची एका दिवसाची कामगिरी मोजली जाते. त्याचे मोल देवाने आधीच ठरवले आहे आणि ते कोणत्याही निकालाने कमी होत नाही. आपल्या घरातील विद्यार्थ्याला हे आज एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे. मग तो कोणताही निर्णय अधिक शांतपणे घेईल.