‘इन्व्हर्टर’ या शब्दाची द्व्यर्थता व घरगुती सौरवीज

शब्द एक आणि वस्तू दोन, अशी स्थिती भाषेत विरळ नाही. बहुधा संदर्भच अर्थ निश्चित करतो व व्यवहार अडत नाही. परंतु प्लगने घरच्या सॉकेटला जोडावयाच्या सौरसंचांचा विचार करू लागताच ‘इन्व्हर्टर’ या शब्दाची द्व्यर्थता जिवावर बेतण्याजोगी ठरते.

वरठीसारख्या गावात ‘इन्व्हर्टर’ म्हणजे बॅटरीला जोडलेली, ‘लाईन गेली’ असता पंखा चालू ठेवणारी पेटी. प्लगजोड सौरसंचातील इन्व्हर्टर याच्या नेमका उलट वागतो. तो वीजजाळ्यातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ प्रवाहाच्या अनुरोधाने चालतो, आणि तो प्रवाह थांबताच २ सेकंदांच्या आत त्याने स्वतः बंद पडावे असा दंडक आहे. हा दोष नव्हे, संरक्षण होय. घरातून उलट गेलेली वीज रोहित्रातून ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकते. ‘लाईन बंद’ आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या तारतंत्र्याला ती प्राणघातक ठरेल. म्हणून पहिल्या जातीची पेटी दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने सॉकेटला जोडणे सर्वथा वर्ज्य समजावे.

दुसरा धोका भिंतीतील तारेचा. जर्मनीत २०२४ च्या कायद्याने अशा संचांस ८०० वॅटपर्यंत मुभा आहे. २३० व्होल्टला हा प्रवाह सुमारे ३.५ अँपिअर होतो. सोळा अँपिअरचा एमसीबी केवळ जाळ्यातून येणारा प्रवाह मोजतो. सौरप्रवाह त्याच तारेत पुढे मिसळत असल्यास तारेतून १९.५ अँपिअर वाहूनही एमसीबी पडणार नाही. जुन्या, बारीक तारेच्या घरात याचे पर्यवसान आगीत होऊ शकते. शिवाय काही मीटर उलट गेलेली वीजही वापर म्हणूनच नोंदतात. जाळ्याशी जोडणी महावितरणकडे अर्ज करून, नेट मीटर बसवूनच करावयाची, ती याही कारणाने.

मग बॅटरीची उपयुक्तता किती? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट वीज मावते. निम्मीच वापरावी हे धोरण पाळल्यास एक पंखा व दोन दिवे सुमारे ८ तास चालतात. कूलर वा पंप यांची अपेक्षा तिच्याकडून करू नये. भारित होताना ती हायड्रोजन सोडते. सबब ती बंद खोलीत नसावी. विदर्भातील उन्हाळ्याचाही विचार अवश्य करावा, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य स्थूलमानाने निम्मे होते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी उष्णता अधिक सोसते; पण तिलाही सावलीच हवी.

तात्पर्य, जेथे वीज वारंवार जाते तेथे केवळ प्लगजोड संच ऐन गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरतो. जाळ्यापासून चेंजओव्हर स्विचने पूर्णपणे तोडता येणारा, स्वतंत्र तारांचा, अर्थिंग केलेला बॅटरीसंच तेथे अधिक युक्त होय. आणि या दोन वस्तूंना ‘अनुगामी’ व ‘स्वायत्त’ अशी भिन्न विशेषणे रूढ झाली, तर ते केवळ परिभाषेचे काम ठरणार नाही. खांबावरील माणसाच्या रक्षणाचेही ठरेल.