किराण्याची यादी आणि विम्याचा कागद
कन्हान परिसरातील कुटुंबांचे आरोग्यरक्षण : वैद्य व औषधविक्रेते यांची भूमिका

आयुर्वेदाने आपले प्रयोजन सांगताना स्वस्थाच्या स्वास्थ्यरक्षणाला पहिले आणि आतुराच्या विकारप्रशमनाला दुसरे स्थान दिले आहे. चिकित्सालयात मात्र हा क्रम बहुधा उलटलेला दिसतो. रुग्ण येतो तो व्याधी प्रकट झाल्यावर, आणि कुटुंबाला खर्चाची चिंता पडते ती रुग्णालयाने अनामत रक्कम मागितल्यावर. या दोन्ही विलंबांवरचा उपाय घरातल्या दोन साध्या कागदांत आहे. एक दरमहाची किराण्याची यादी आणि दुसरा आरोग्यविम्याचा कागद. पहिला नीट असेल तर अनेक व्याधी दूर राहतात. दुसरा नीट असेल तर व्याधी आलीच तरी घर कर्जात बुडत नाही. या दोहोंना जोडणारा तिसरा कागद आपण स्वतः लिहितो, तो म्हणजे रुग्णपत्रिका. या लेखात आम्ही प्रामुख्याने याच तिसऱ्या कागदाच्या अनुषंगाने विवेचन करणार आहोत.

कन्हान परिसराचे चित्र

कामठीच्या पलीकडे, कन्हान नदीच्या काठावर वसलेला हा परिसर एकाच वेळी खाणीचा, कारखान्यांचा आणि धानशेतीचा आहे. गोंडेगाव, इंदर, कामठी येथील वेकोलिच्या कोळसा खाणी, महामार्गावरील मालवाहतूक, लहान दुकाने आणि पारशिवनी, मौदा, रामटेककडील धानाची शेते यांवर येथील चुली पेटतात. श्वास, कास, आम्लपित्त, मधुमेह, उच्च रक्तदाब व संधिविकार यांचे रुग्ण आपल्या सर्वांच्या नित्य परिचयाचे आहेत.

विम्याच्या दृष्टीने पाहता येथे शेजारच्या दोन घरांची स्थितीही सारखी नसते. खाणीतील कायम कर्मचाऱ्याला कंपनीची वैद्यकीय सुविधा असते. कारखान्यातील कामगार राज्य कामगार विमा योजनेत येतो. तिची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. ट्रकचालक, पानठेला चालवणारा, धान उत्पादक शेतकरी यांना मात्र मालकाकडून मिळणारे असे कोणतेही छत्र नसते. शिवाय नोकरीशी जोडलेला विमा नोकरीबरोबरच संपतो. म्हणून रुग्णाने 'आमच्याकडे विमा आहे' असे सांगितले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणाचा, कोणाकोणासाठी आणि केव्हापर्यंत?

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करावीशी वाटते. वैद्य व औषधविक्रेता हे दोघेही स्वयंरोजगारीच आहेत. दवाखाना बंद राहिला तर त्या दिवसाचे उत्पन्नही बंद. दुसऱ्याच्या कुटुंबाला सल्ला देण्यापूर्वी आपले आईवडील, पत्नी वा पती, मुले व दुकानातील मदतनीस यांच्या संरक्षणाचा विचार आपण केला आहे काय, हे प्रत्येकाने आजच तपासून पाहावे.

किराण्याची यादी : आहारपरीक्षणाचे साधन

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांत आहाराचा उल्लेख प्रथम येतो. काश्यपसंहितेने तर आहाराला महाभैषज्य म्हटले आहे. तथापि 'आपण काय खाता?' या प्रश्नाला रुग्ण सहसा 'साधेच' असे उत्तर देतो. म्हणून आम्ही असे सुचवितो की, दीर्घकालीन व्याधीच्या रुग्णास महिन्याच्या किराण्याची यादी किंवा दुकानाचे बिल घेऊन येण्यास सांगावे. घरात खरोखर काय शिजते, ते या बिलावरून कळते.

उदाहरण मिठाचे घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. चार प्रौढांच्या घरात महिन्याला ही मर्यादा ६०० ग्रॅम होते. त्या घरात दरमहा दीड किलो मीठ येत असेल, आणि त्यात लोणचे, पापड, शेव, फरसाण यांची भर पडत असेल, तर रक्तदाबाच्या चिकित्सेची सुरुवात कोठून करावी हे वेगळे सांगावे लागत नाही. साखरेचेही तसेच. त्याच संघटनेने बाहेरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हितकर मानले आहे. चौघांच्या घराला महिन्याला ३ किलो झाली. आणि यात चहा, शीतपेये, बिस्किटे, मिठाई यांतील सर्व साखर मोजायची आहे.

पथ्य सांगताना ते या भूमीतले असावे. चरकाचार्यांनी आहारविधीच्या आठ आयतनांत देश, काल, राशी व संस्कार यांचा विचार सांगितला आहे, तो येथे उपयोगी पडतो. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा योजनेतील लाभार्थ्यांना शिधापत्रिकेवर धान्य मोफत मिळू लागले. अशा घरात गहू आणि तांदूळ हेच मुख्य अन्न असणार, हे गृहीत धरूनच सल्ला द्यावा. तांदूळ सोडा असे सांगणे येथे व्यवहार्य नाही. तांदूळ जुना वापरावा, भाताची राशी कमी करून वरणाची वाढवावी, आठवड्यातून काही वेळा ज्वारीची भाकरी करावी, अंबाडी, चवळई, शेवगा यांपैकी ऋतूत मिळेल ती भाजी घ्यावी, जवसाची चटणी ताटात ठेवावी, हे सांगता येते व पाळलेही जाते. अंबाडीचे अम्लत्व अम्लपित्ताच्या रुग्णाला मानवत नाही. अर्थात प्रकृती व अग्नी पाहूनच योजना करावी. तर्रीपोहे किंवा सावजी रस्सा हा आपल्या भागाचा अभिमान आहे. त्यावर सरसकट बंदी घालण्याऐवजी 'कोणी, केव्हा, किती वेळा' हे ठरवून द्यावे. ग्रीष्मात खाणीवर वा शेतात राबणाऱ्याला ताक, कैरीचे पन्हे आणि पुरेसे पाणी यांची सूचना लेखी द्यावी.

मधुमेह वा रक्तदाबाचा रुग्ण अन्य औषधे घेत असेल, तर आहारबदलामुळे ती परस्पर बंद करू नयेत, हेही त्याच कागदावर लिहावे.

विमा काय देतो आणि काय देत नाही

राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण उरलेला भारही लहान नाही.

राज्यापुरते पाहता, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने सर्व कुटुंबांपर्यंत वाढवून संरक्षण प्रतिवर्षी ५ लाख रुपये करण्यात आले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता सामावून घेण्यात आले. तरीही या योजना अंगीकृत रुग्णालयांत व ठरलेल्या उपचारांसाठीच लागू होतात. कोणते रुग्णालय अंगीकृत आहे हे व्याधी येण्यापूर्वी माहीत करून घेणे श्रेयस्कर.

खासगी पॉलिसी घेणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध झाली. तिच्या अटी सर्व कंपन्यांत सारख्या असल्याने ती समजावून सांगणे सोपे जाते. तिच्यात प्रत्येक दाव्याच्या ५ टक्के रक्कम विमाधारकाने सोसायची असते. खोलीभाडे विमारकमेच्या २ टक्के, कमाल ५,००० रुपये प्रतिदिन, इतके मिळते. २ लाखांची पॉलिसी असता भाड्याची मर्यादा ४,००० होते. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली, तर भाड्यातील फरक तर त्याच्यावर पडतोच; शिवाय डॉक्टरांचे शुल्क, शुश्रूषा अशा संबंधित खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. हा तपशील दाखल होण्यापूर्वी सांगितला तरच उपयोगाचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. हप्ता महाग म्हणून निर्णय पुढे ढकललेल्या घरांनी पुन्हा चौकशी करावी.

विम्याची एक मर्यादा आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सामान्य पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते. रोजचे पथ्य, बाह्यरुग्ण विभागातील औषध आणि स्वतःहून घेतलेली पोषकद्रव्ये यांचा खर्च ती बहुधा देत नाही. म्हणजेच किराण्याच्या यादीचे काम विम्याचा कागद करू शकत नाही. उलट, अपघात, शस्त्रकर्म किंवा आकस्मिक व्याधीचा खर्च उत्तम आहारानेही भागत नाही. दोन्ही हवेत.

आयुर्वेदाला मिळालेले स्थान

विमा नियामक प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाद्वारे, १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देण्याचे धोरण कंपन्यांना आखावयास सांगितले. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने ही मोठी घटना होय. परंतु अधिकाराबरोबर शिस्तही आली आहे. खासगी आयुष रुग्णालयासाठी किमान ५ खाटा, चोवीस तास पात्र वैद्य, उपचारांसाठी स्वतंत्र विभाग आणि दैनंदिन नोंदी आवश्यक मानल्या आहेत. केवळ उल्हासासाठी वा थकवा घालवण्यासाठी केलेले पंचकर्म या संरक्षणात बसत नाही. व्याधीचे निदान, उपचाराची आवश्यकता आणि प्रत्येक दिवसाचा उपक्रम कागदावर दिसला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे रोगवर्गीकरणातील आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग प्रसिद्ध केला. 'आमवात' किंवा 'गृध्रसी' असे निदान आता संकेतांकासह लिहिता येते. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याला आपली परिभाषा कळत नाही ही तक्रार त्यामुळे काहीशी सौम्य व्हावी.

तारीख बदलू नये

आता सर्वांत नाजूक प्रश्न. रुग्णाला पाच वर्षांपासून मधुमेह असतो. विमा नुकताच काढलेला असतो. नातेवाईक विनंती करतात, 'वैद्यराज, जुन्या आजाराचा उल्लेख नको; तारीख अलीकडची घाला.' विनंती करणारा सहसा लबाड नसतो, घाबरलेला असतो. म्हणूनच नकार देताना त्याला कारणही समजावून द्यावे.

नोंदणीकृत वैद्याचे निदान हे विम्याच्या दृष्टीनेही निदानच होय. पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान वा उपचार झालेला आजार पूर्वविद्यमान ठरतो. २०२४ च्या नियमांनी अशा आजाराचा प्रतीक्षाकाल ४ वर्षांवरून कमाल ३ वर्षांवर आणला. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, तर त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणजे सत्य सांगणाऱ्याला फार तर तीन वर्षे थांबावे लागते. असत्य सांगणाऱ्याचा दावा मात्र ऐन संकटात फेटाळला जाऊ शकतो, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि जुनी चिठ्ठी वा प्रयोगशाळेचा अहवाल पुढे आल्यास वैद्याची स्वाक्षरीही संशयित ठरते.

विदर्भात सिकलसेलची कुटुंबे पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये प्राधिकरणाने आनुवंशिक विकारांच्या कारणावरून दावे नाकारू नयेत असे कंपन्यांना बजावले. या कुटुंबांनी आजार लपवण्याऐवजी तो प्रस्तावपत्रात लिहावा, असेच आम्ही सांगू.

औषधविक्रेत्यांसाठी

दाखल होण्यापूर्वीच्या ३० आणि घरी आल्यावरच्या ६० दिवसांतील संबंधित खर्च 'आरोग्य संजीवनी'त मागता येतो. त्यासाठी लागते ते बिल. रुग्णाचे नाव, दिनांक, वैद्याचे नाव, औषधाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक व किंमत असलेले पक्के बिल प्रत्येक ग्राहकाला द्यावे. कच्च्या चिठ्ठीवर दिलेले औषध कितीही उत्तम असले तरी दाव्यात त्याची किंमत शून्य. च्यवनप्राश किंवा तत्सम द्रव्य चिठ्ठीविना विकताना 'विम्यात मिळेल' असे सांगू नये.

आगामी तिमाहीसाठी आवाहन

प्रत्येक सभासदाने पुढील तीन महिन्यांत दीर्घकालीन व्याधीच्या किमान दहा रुग्णांच्या पत्रिका पूर्ण कराव्यात, अशी आमची विनंती आहे. प्रथम निदानाची तारीख, चालू औषधे, लेखी पथ्य, घरातील विम्याचा प्रकार व नूतनीकरणाचा दिनांक आणि आपला नोंदणी क्रमांक एवढे मुद्दे पुरेत. पत्रिकेची एक प्रत रुग्णाच्या घरी शिधापत्रिकेशेजारी राहावी. औषधविक्रेत्यांनी परिसरातील अंगीकृत रुग्णालयांची अद्ययावत यादी दुकानात लावावी. आणि या कामाचा प्रारंभ सर्वांनी आपल्या स्वतःच्या कुटुंबाच्या पत्रिकेपासून करावा.